गिलहेडचे दात

आमच्या थॉर्नरिग गावात एखादी गोष्ट कधीच होणार नाही असं सांगायचं असलं, की म्हणायचे, "होईल, होईल. गिलहेडचे दात मिटले की होईल." शेजाऱ्यानं नेलेली शिडी परत कधी मिळणार? गिलहेडचे दात मिटले की. अमकीचा नवरा दारू कधी सोडणार? गिलहेडचे दात मिटले की. माझ्या आजीच्या तोंडी हे होतं, आईच्या होतं, आणि मी माझ्या नवऱ्याला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. मला समुद्रावर नेतो असं तो लग्नापासून म्हणत होता.

गिलहेड म्हणजे माझ्या शेताच्या वरच्या अंगाचं घर. आणि दात म्हणजे दगडाचे दात. भिंतीला जोडून पुढं कधीतरी खोली काढायची असली, की गवंडी कोपऱ्यातले दगड एकाआड एक बाहेर निघालेले ठेवतो. नवी भिंत आली की तिचे दगड त्यांत गुंतवायचे, म्हणजे दोन्ही भिंती एकजीव होतात. गिलहेडच्या पूर्वेच्या भिंतीला दोन्ही कोपऱ्यांवर असे दात सोडलेले होते. खोली मात्र कधी आलीच नाही. कुणी म्हणे, ती धाकट्या भावाच्या लग्नासाठी योजली होती, आणि तो शिशाच्या खाणीतलं काम टाकून अमेरिकेला निघून गेला. कुणी म्हणे, थोरल्याची बायको आडवी आली. खरं काय ते मेलेल्यांना ठाऊक. दोनशे वर्षं ते दात पावसात उभे होते, मेंढ्या त्यांना अंग घासायच्या आणि गाव हसायचं.

त्या घरात थर्झा संटर जन्मली. आई लवकर गेली, भाऊ शहरात जाऊन राहिला, घरात बाप आणि ही. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान. पण डोंगरावर शेजारच मुळी एकच असला की वयाचं कोण बघतो? ती मला 'विने' म्हणायची आणि मी तिला 'थर्झाताई'.

तरुणपणी ती देखणी होती, असं म्हणून मी खोटं बोलणार नाही. नाक मोठं, आवाज त्याहून मोठा. पण मेंढी उलटी करून धरावी तर तिनंच. वॉल्टर कीर्टन नावाचा एक बरा मुलगा तिच्या मागं होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुझ्या बापाच्या खोकल्याशेजारी मी संसार करणार नाही, त्या दातांना जोडून आपल्यापुरती एक खोली काढा, मी गिलहेडला राहायला येतो. थर्झानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, "माझ्या बापानं बांधली नाही, त्याच्या बापानं बांधली नाही, मी काय त्यांच्याहून शहाणा?" आमच्याकडच्या माणसांची ही जातच आहे. वाडवडिलांनी केलेली चूक ते मिराशीसारखी सांभाळतात. वॉल्टर म्हणाला, मग तूच शहरात ये. थर्झा म्हणाली, मेंढ्या कोण बघणार? वॉल्टर गेला, आणि पुढच्या वर्षी तिकडंच त्याचं लग्न झालं.

मग गावाला काय, आयतंच मिळालं. चॅपलमध्ये प्रार्थनेनंतरच्या चहाला बाया एकमेकींकडं बघत विचारायच्या, "थर्झाचं कधी?" आणि दुसरी म्हणायची, "गिलहेडचे दात मिटले की." अगदी तिच्या तोंडावर. एकदा मी तिथंच होते. थर्झानं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मिटतील तेव्हा तुम्हां सगळ्यांना जेवायला बोलवीन. तोवर जिवंत राहा म्हणजे झालं."

पुढं बाप गेला. ती एकटी मेंढ्या पाळत राहिली. गावात कुणाकडंही मेंढ्या कातरायची सावड असली, की थर्झा हजर. आमच्याकडं सावडीची रीत अशी, की बोलावलं की जायचं, दिवसभर राबायचं, पैसा घ्यायचा नाही, पोटभर जेवायचं आणि आपली वेळ आली की त्यांना बोलवायचं. थर्झा साऱ्या खोऱ्याची लोकर गुंडाळून आली. तिच्या मेंढ्या मात्र मोजक्याच, त्या ती स्वतःच कातरायची. तिनं कधी कुणाला बोलावलं नाही.

एक्क्याऐंशीव्या वर्षी ती जिन्यावरून पडली.

त्या घराचा जिना म्हणजे मागच्या भिंतीला आलेलं एक गोल पोट, त्यात गरगर फिरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर. खाली चुलीची मोठी खोली आणि डोंगरात अर्धी पुरलेली दुधाची कोठी, तिच्या भिंतीतून बारा महिने पाणी झिरपतं. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळानं हाड बसवलं आणि सांगितलं, जिना बंद. खाली झोपायची खोली आणि न्हाणीघर असेल तरच घरी जाता येईल, नाहीतर नाही.

तिचा भाचा कॉलिन शहरातून आला. कॉलिन वाईट नाही. पण त्याला कुठलीही गोष्ट हळू आवाजात, दोनदा सांगायची सवय आहे.

"आत्या, शहरात म्हाताऱ्यांसाठी फार छान घरं आहेत. बटण दाबलं की माणूस येतं. फार छान आहेत."

"मी दाबलं तर येऊ दे की. पण ते आपण होऊन आलं तर?"

"गिलहेड विकून टाकू. सुट्टीला येणारे लोक हल्ली अशा घरांना वेडे होतात."

"दात आहेत तिथं," थर्झा म्हणाली. "खोली बांधून घे. मी घरी मरणार आहे, कॉलिन. मरायची घाई नाही, पण मरेन तिथंच."

इथं अडचण आली ती एका बाईची. गिलहेड जुन्या घरांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळं खिळा ठोकायचा तरी परवानगी. त्या कचेरीची फिलिपा क्रेन म्हणून एक तरुण बाई घर बघायला आली. मी थर्झाला इस्पितळातून चाकाच्या खुर्चीत घेऊन आले होते. पोरगी चांगली होती, बोलायला गोड, बुटांना चिखल लागला तरी कुरकुरली नाही. पूर्वेच्या भिंतीसमोर ती बराच वेळ उभी राहिली, दातांवर हात फिरवला, आणि म्हणाली, "संटरबाई, इथं बांधता येणार नाही. हे दात फार मोलाचे आहेत. न झालेल्या खोलीची ही खूण आहे. बांधलं तर ती खूण जाईल."

थर्झानं बोट दातांकडं केलं. "बांधायला ठेवलेल्या दगडांवर बांधायचं नाही, का, तर ते बांधायला ठेवलेत म्हणून?"

"इतकी वर्षं ते तसे राहिलेत, म्हणून."

"मीपण इतकी वर्षं तशीच राहिले, पोरी. मला ठेवतेस का जपून?"

फिलिपा लाल झाली. पण नकार तो नकारच. मला इतका राग आला, की परतताना मी गाडीचा आरसा भिंतीला घासला.

कॉलिननं थर्झाला शहरातल्या त्या घरात नेऊन ठेवलं. मी भेटायला गेले तर ही खिडकीशी कोट घालून बसलेली. बॅग दाराशी, बांधलेली.

"थर्झाताई, कोट तरी काढ."

"पाहुण्यानं कोट काढला की यजमानाला वाटतं राहणार. विने, तू जॉन्टी गवंड्याला सांग, माझं पडकं गवताचं कोठार उतरवायचंय. दगड चांगला आहे. आणि गावाला सांग, शनिवारी गिलहेडला सावड आहे."

"परवानगी नाही गं."

"सावडीला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

"कोर्टात खेचतील."

"मेलं कोंबडं आगीला भीत नाही," ती म्हणाली. "जा. सांग सगळ्यांना."

मी घरोघर गेले. मनात म्हणत होते, दोघे आले तरी पुष्कळ. सरकारी भानगडीत कोण हात घालतो? पण मी काय विसरले होते, तर त्या खोऱ्यात एक घर असं नव्हतं जिथली लोकर थर्झानं गुंडाळली नव्हती. शनिवारी सकाळी माझ्या फाटकासमोरून ट्रॅक्टर जायला लागले ते थांबेनातच. आलेल्यांपैकी निम्म्यांना आधी त्यांच्या बायकांनी अडवलं होतं, आणि मागून त्याच बायका मांसाच्या वड्या आणि फळांचा केक घेऊन आल्या. मी डुकराचं मांस उकडलं होतं, आंबट गूजबेरी भरून पाव भाजले होते, त्यांतला एक करपला होता. तोही संपला.

जॉन्टी रॉ आमचा गवंडी. साठीचा माणूस, हात पोलादाचे आणि छाती चिमणीची. दातांजवळ उभा राहून तो सारखा रस्त्याकडं बघत होता. थर्झाला मी शहरातून आणून त्याच्यासमोर खुर्चीत बसवलं होतं.

"थर्झा, पहिला मला धरतील."

"सांग, म्हातारीनं काठी उगारली."

"तुझी काठी रबराच्या बुडाची आहे."

"मग सांग रबराच्या बुडानं मारलं. लाव दगड."

त्यानं पहिला दगड दाताच्या खाचेत सरकवला, खाली चुना, बाजूला चुना, वरून मुठीनं ठोकला. बसला. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, दगडावर दगड. पण सगळे हातातलं काम टाकून पुढं आले होते. माझ्या आजीपासून ज्याला हसत आलो तो दात आमच्या डोळ्यांदेखत मिटला, आणि मला रडू आलं ते मी कांद्याच्या लोणच्यावर ढकललं. थर्झा खुर्चीतून म्हणाली, "जेवायला बोलावीन म्हटलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांतली तू एकटीच उरलीस, विने. सगळ्यांच्या वाटणीचं जेव."

तीन-चार शनिवार तसेच गेले. दोन्ही बाजूंच्या भिंती खिडकीच्या वर आल्या, पूर्वेची तेवढी उरली. आणि मग एका शनिवारी फिलिपा क्रेन आली. कुणीतरी कळवलं होतं. कोण ते मला ठाऊक आहे, आणि त्याला माझ्या घरी आता चहा मिळत नाही. सगळ्यांचे हात थांबले. जॉन्टी चुन्याच्या पिंपामागं गेला.

थर्झा छप्पर नसलेल्या खोलीच्या बरोबर मधोमध बसली होती, जिथं तिचा पलंग येणार होता तिथं.

"संटरबाई, काम थांबवावं लागेल."

"थांबलंय. चहाची वेळ झालीये. बस."

"हा गुन्हा आहे, बाई. हे पाडायचा हुकूम निघू शकतो."

"पाडा की. पण मी इथनं उठणार नाही. मला आत ठेवून पाडा, आणि तुझ्या कागदात तसं लिही, संटरबाईसकट पाडलं म्हणून."

फिलिपा एका दगडावर बसली. तिनं चहा घेतला. आम्हांला वाटलं नरमली, पण तिनं कप धुवून ठेवला आणि काम बंद करायचा कागद दाराला लावून गेली. ती तिचं काम करत होती, हे आज मला कळतं. तेव्हा मी तिला जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

तो हिवाळा थर्झानं शहरात काढला, कोटासकट. इकडं अर्ध्या भिंतींवर ताडपत्री फडफडत होती. कॉलिननं एक गिऱ्हाईकही आणलं. म्हणाला, "आत्या, आता हट्ट सोड. आता सोड." ती म्हणाली, "एकदाच सांग, मी बहिरी नाही. आणि एकदाच ऐक. नाही."

वसंतात त्या कचेरीच्या समितीची माणसं, खोली ठेवायची की पाडायची ते ठरवायला, जागा बघायला आली. फिलिपा होती, आणखी पाच-सहा कोटवाले होते. मी थर्झाला घेऊन गेले. ती एका हातानं मला धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन उभी राहिली आणि मग जे तोंड सुटलं ते सुटलं.

"ते छप्पर बघा. एवढं उभं का? आधी हेदरच्या झुडपांचं शाकार होतं म्हणून. माझ्या कुठल्यातरी पणज्यानं ते उतरवून दगडी फरशा घातल्या. विचारलं कुणाला? ती पश्चिमेची, चुलीची खोली, तिथं गाई बांधायचे. गाईंना बाहेर काढून माणसं आत आली, तेव्हा धुरांडं निघालं. वरची ती बुजवलेली खिडकी बघा. खिडक्यांवर कर बसला तेव्हा बुजवली, कर उठल्यावर कुणाला उघडायचा कंटाळा आला. माझ्या आजीला खालच्या खिडकीतून फाटक दिसेना, तर तिनं मधला दगडी खांब काढून टाकला. आजोबा बाजाराला गेले असताना. वर न्हाणीघर माझ्या बापानं केलं, तोवर आम्ही चुलीपुढं टबात न्हायचो. यांतल्या प्रत्येकाला तुम्ही आता जपता. जपा. पण हे सगळं कुणी केलं? जे इथं राहत होते त्यांनी. थंडी वाजली, पोरं झाली, गुडघे गेले, म्हणून केलं. मग माझे गुडघे गेले तेव्हाच हे घर पुरं झालं, असं कुणी ठरवलं? मी अजून राहतेय इथं."

एक कोटवाला घसा खाकरून म्हणाला, "आपण सध्या शहरात राहता ना?"

"बॅग बांधलेली आहे," थर्झा म्हणाली. "सोडलीच नाहीये ती."

पुष्कळ दिवसांनी निकाल आला. खोली राहू द्यायची, पण दोन अटींवर. आतून जुन्या भिंतीला गिलावा करायचा नाही, म्हणजे दात कुठं होते ते दिसत राहील. आणि दुसरी अट, ही वाढ शेवटची. त्या बाजूला यापुढं काही बांधायचं नाही, नवी भिंत कोपऱ्यांवर साफ, सरळ संपवायची. फिलिपा स्वतः समजावून सांगायला आली होती. पहिल्या अटीवर थर्झा म्हणाली, बरं झालं, गिलाव्याचा खर्च वाचला. दुसरीवर तिनं नुसती मान हलवली. मी तिला जन्मभर ओळखत होते. ती मान होकाराची नव्हती.

पुन्हा सावड झाली. शेवटची पूर्वेची भिंत वर चढायला लागली, तशी थर्झानं जॉन्टीला जवळ बोलावलं. "कोपऱ्यातले दगड एकाआड एक बाहेर ठेव."

जॉन्टीचा चेहरा चुन्यासारखा झाला. "अगं, साफ संपवायची लिहिलंय. स्पष्ट लिहिलंय."

"मला वाचता येतं. ठेव बाहेर."

"कुणासाठी पण? तुला ना मूल ना बाळ. कॉलिन तर विकून मोकळा होईल."

"ज्यानं माझ्यासाठी ठेवले," थर्झा म्हणाली, "त्याला मी कुठं ठाऊक होते?"

जॉन्टीनं रस्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतोस, दगड घे." त्यानं घेतला.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, म्हणतात. थर्झानं दुसरं केलं नाही आणि पहिलं केलं ते ब्याऐंशी पुरी झाल्यावर. तिनं त्या खोलीत पलंग लावला, बॅग सोडली आणि कोट काढून कोपऱ्यात, जिथं दात मिटले होते, तिथल्या खुंटीवर अडकवला. तीन हिवाळे ती तिथं राहिली. खिडकी मुद्दाम खाली बसवून घेतली होती, म्हणजे पडल्या पडल्या माझं शेत दिसावं आणि मी मेंढ्यांना काय चुकीचं खायला घालते ते फोन करून सांगता यावं. चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ती तिथंच गेली. तिच्या घरात, तिच्या पलंगावर, जिन्याची एकही पायरी न चढता.

मातीला सगळं खोरं आलं होतं. फिलिपा क्रेनही आली. चहा झाल्यावर मी पाहिलं तर ती एकटीच घराच्या पूर्वेला जाऊन उभी होती, नव्या भिंतीच्या कोपऱ्याशी. मी गेले. म्हटलं, आता ही काढायला लावते वाटतं, आणि थर्झाताई उरली नाही, तेव्हा भांडायचं माझ्यावर आलं.

"हे मला तेव्हाच दिसले होते," ती म्हणाली. "काम पुरं झालं का ते बघायला आले होते तेव्हा."

"मग बोलली नाहीस ती?"

"कागदावर लिहायला विसरले." तिनं एका दातावर हात ठेवला, तसाच, पहिल्यांदा ठेवला होता तसा. "आता काढताही येणार नाहीत. आता तेही घराचेच झालेत. जपावं लागेल."

माझ्या डोळ्यांपुढं कोट घालून खिडकीशी बसलेली थर्झा आली.

"जपू नकोस, पोरी," मी म्हटलं. "कुणी मागायला आलं, तर बांधू दे."

आम्ही दोघी आत गेलो, केक अजून शिल्लक होता.